कडक म्हणजे भक्कम नव्हे

साहसी प्रवासाला निघायचे असेल तर कापडी ट्रॉली बॅग घेऊ नका, हा सल्ला हल्ली इतक्या खात्रीने दिला जातो की त्याचा आधार कोणी विचारतच नाही. बॅगांच्या दुकानातला विक्रेता कडक कवचाची बॅग फरशीवर आडवी टाकतो, तिच्यावर उभा राहतो आणि म्हणतो, “बघा मॅडम, काही होतंय का?” दुसरीकडे डोंगरात फिरणारी मंडळी चाकांची बॅग पाहिली की नाक मुरडतात. साहस करायचे तर सामान पाठीवर हवे, चाके विमानतळापुरती, असे त्यांचे म्हणणे. एक पक्ष कवच विकतो, दुसरा सॅकचा अभिमान बाळगतो, आणि कापडी केबिन बॅग निकामी असल्याबद्दल दोघांचे एकमत असते. मला दोघांचेही म्हणणे चुकीचे वाटते. या सल्ल्यांपायी लोक दुप्पट पैसे घालवतात, पाठ दुखवून घेतात, आणि काही जण तर प्रवासाचा बेतच सोडून देतात. म्हणून हा प्रतिवाद.

आधी प्रवास कोणता ते ठरवू. साहसी प्रवास म्हटले की दोर लावून कडा चढणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. पण टूर कंपनीशिवाय, स्वतःच्या हिमतीवर महाराष्ट्रातून हिमाचलात, लडाखात, ईशान्येकडे जाणाऱ्या बहुतेकांचा प्रवास तसा नसतो. स्पितीचेच पाहा. मुंबईहून विमानाने चंदीगड, तिथून सिमला, रामपूर, रेकाँग पिओ. पिओहून पहाटेची सरकारी बस किंवा शेअर सुमो पकडायची आणि नाको, ताबो करत काझा गाठायचे. काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. मुक्काम मातीच्या घरांतल्या होमस्टेमध्ये, आणि दर एक-दोन दिवसांनी गाव बदलायचे. या प्रवासात बॅग विमानातल्या डोक्यावरच्या कप्प्यात बसावी लागते, सुमोच्या कॅरियरवर दोराने आवळली जाते, अरुंद जिन्यावरून वर न्यावी लागते. नाकोजवळचा मलिंग नाला कोसळला तर ती हातात धरून पलीकडच्या गाडीपर्यंत चालावेही लागते. बॅगेची परीक्षा व्हायची तर ती या सगळ्या ठिकाणी मिळून व्हावी. दुकानातल्या फरशीवर तिचा निकाल लागत नाही.

सुमोच्या टपावर सामान कसे बांधतात ते जवळून पाहण्यासारखे असते. खाली मोठ्या सॅक आणि बटाट्या-कांद्याची पोती जातात. मधल्या फटींत लहान बॅगा कोंबायच्या, वर ताडपत्री टाकायची आणि मग दोर. ड्रायव्हर कॅरियरच्या नळीला पाय लावून अंगाच्या जोराने दोर ओढतो. त्या ओढीने कापडी बॅग दोन बोटे दबते, शेजारच्या पोत्याला घट्ट बसते, आणि दोर तिच्या अंगात रुततो. कडक बॅग दबत नाही, त्यामुळे दोर तिच्या गुळगुळीत पाठीवरून सरकतो. प्रत्येक वळणाला ती जागची हलते आणि शेजारी घासत राहते. कोपरा लोखंडी नळीवर टेकलेला असेल तर खड्ड्यातला प्रत्येक धक्का त्या एका बिंदूवर बसतो. मडके फुटते, टोपली दबते. त्या टपावर मला दबणारी वस्तू हवी.

विक्रेता बॅगेवर उभा राहतो तो नेमका मधोमध, सपाट भागावर. तिथे भार पसरतो आणि कवच वाकून पुन्हा उभे राहते. चांगल्या पॉलिकार्बोनेटचा हा गुण खराच आहे. रिमोवा या जर्मन कंपनीने २००० साली पॉलिकार्बोनेटची बॅग आणली ती याच गुणासाठी, आणि ती बॅग उत्तम आहे. पण आपल्याकडे बेताच्या किमतीत मिळणाऱ्या कडक बॅगा बहुधा एबीएस या दुसऱ्या प्लॅस्टिकच्या, नाहीतर एबीएस आणि पॉलिकार्बोनेटच्या मिश्रणाच्या असतात. एबीएस त्यामानाने ठिसूळ. शिवाय प्रवासात मार सपाट पाठीवर बसत नाही. तो कोपऱ्यांवर आणि चाक बसवलेल्या खोबणीवर बसतो, आणि तडाही तिथूनच जायला लागतो.

कडक बॅगेवरचा आपला विश्वास एका वेगळ्याच बॅगेने मिळवलेला आहे, हेही सांगायला हवे. व्हीआयपीची सूटकेस १९७१ मध्ये बाजारात आली, नाशिकला तिचा कारखाना झाला, आणि लग्नाच्या देण्याघेण्यापासून रेल्वेच्या बर्थखालच्या जागेपर्यंत तिने आपल्या घरांत ठाण मांडले. त्या काळची ती सूटकेस जाड भिंतींची होती. कडेने चौकट होती, दोन खटक्यांची कुलपे होती. आईवडिलांच्या पिढीने त्या सूटकेसवर बसून प्लॅटफॉर्मवर रात्री काढल्या. आजच्या कडक केबिन बॅगेला ती चौकटच नाही. पातळ कवचाचे दोन अर्धे भाग आणि त्यांना जोडणारी एक चेन, एवढीच तिची रचना. चेनची पट्टी कवचाच्या कडेला शिवलेली असते. म्हणजे सगळा भरवसा शेवटी शिवणीवरच, आणि तोही प्लॅस्टिकला मारलेल्या शिवणीवर. जुन्या सूटकेसची पुण्याई या नव्या बॅगेच्या नावे जमा करणे बरोबर नाही.

दुकानात कडक बॅगाच का दिसतात, यालाही कारण आहे. प्लॅस्टिकचा पत्रा तापवून साच्यावर ओढला की कवच तयार होते. कापडी बॅगेला अनेक तुकडे कापावे लागतात, शिवावे लागतात, पायपिंग लावावे लागते. हे हातकाम बरीच वर्षे चीनमधून होऊन येत होते. व्हीआयपीने त्यासाठी बांगलादेशात मोंगला इथे कारखाने काढले. देशातल्या देशात, कमी शिवणकामात, हव्या त्या रंगात कडक बॅग काढणे उत्पादकाला सोयीचे पडते, आणि त्यात गैर काहीच नाही. पण उत्पादकाची सोय ही प्रवाशाची गरज म्हणून गळ्यात मारली जाते, तिथे मला बोलावे लागते.

आता मुख्य मुद्दा. साहसी प्रवासात बॅग मोडणार, हे गृहीत धरूनच तिची निवड करावी लागते. प्रश्न एवढाच, की मोडल्यावर ती काझाच्या बाजारात, रत्नागिरीच्या एसटी स्टँडबाहेर किंवा दादरच्या गल्लीत दुरुस्त होते की नाही. इथे कापडी बॅगेला तोड नाही. कापड फाटले तर कुठलाही चांभार आरी आणि नायलॉनचा दोरा घेऊन दहा मिनिटांत ते टाचून देतो. मुठीचा पट्टा सुटला तर तो पुन्हा शिवतो. कडक कवचाला तडा गेला की मात्र चांभार हात वर करतो. तड्यावर चिकटपट्टी मारून परत यायचे आणि घरी आल्यावर बॅग टाकून द्यायची, एवढेच उरते. कंपनीच्या हमीपत्रातही बहुधा उत्पादनातले दोषच धरलेले असतात. वाहतुकीतल्या मारामुळे गेलेला तडा त्यात बसत नाही.

दादर स्टेशनजवळच्या एका गल्लीत बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांच्या टपरीवर बसून मी हे काम बघितले आहे. चाकाचे रबर झिजून गेलेली एक कापडी केबिन बॅग आली होती. काकांनी ती उताणी केली, आतल्या अस्तराची तळाशी असलेली चेन उघडली आणि बोटांनी चाचपत चाकामागचे स्क्रू शोधले. स्क्रू सापडल्याबरोबर त्यांचा चेहरा खुलला. जुने चाक निघाले, डब्यातून त्याच मापाचे दुसरे चाक आले, आस बसवली, हाताने गरकन फिरवून बघितली, आणि गिऱ्हाईक चहा पिऊन परतायच्या आत बॅग तयार. नंतर आलेल्या बॅगेत स्क्रूच्या जागी रिव्हेट निघाले. ते ड्रिलने उडवावे लागले. भोके मोठी झाली, म्हणून वायसर घालून नटबोल्ट लावावे लागले. आणखी एका बॅगेचे अस्तर सगळीकडून शिवून बंद केलेले होते. तिथे आधी अस्तर उसवायचे आणि काम झाल्यावर पुन्हा शिवायचे. काका म्हणाले, “बॅग चांगली होती, पण बनवणाऱ्याने आत जायला दार ठेवलं नाही.” तिन्ही बॅगा बाहेरून सारख्याच देखण्या होत्या. बॅग निवडताना आधी आतले अस्तर उघडून बघा, असे मी सांगते ते यासाठीच. तळाशी चेन आहे का, चाकांना आणि दांड्याला स्क्रू आहेत का, हे पाहायला दुकानात दोन मिनिटे लागतात.

चेनचेही तसेच. चेन मागून उघडत चालली की लोक ती बिघडली असे समजतात आणि अख्खी चेन बदलायला निघतात. पुष्कळदा झिजलेला असतो तो फक्त रनर. पकडीने त्याच्या दोन्ही कडा हलक्या हाताने दाबल्या की दात पुन्हा जुळतात. दात धुळीने अडत असतील तर ब्रशने झाडून त्यांवर मेणबत्ती घासावी. स्पितीतली धूळ आणि कोकणातली पुळण या दोन्हींवर हा उपाय चालतो. रनरच्या पाठीवर बहुधा ५, ८ किंवा १० असा आकडा असतो. बंद चेनच्या दातांची रुंदी मिलिमीटरमध्ये साधारण तेवढी असते. मुख्य कप्प्याची चेन ५ नंबरची असेल तर ती बॅग कितीही भारी कापडाची असो, मी घेणार नाही. बाहेरच्या खिशाला ५ चालते.

कापडाबाबत मात्र कापडी बॅगा विकणाऱ्यांचाही कान धरायला हवा. लेबलावर १६८० डेनियर असे ठळक छापले की गिऱ्हाईक भारावून जाते. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममध्ये जे वजन भरते ते डेनियर. म्हणजे हा आकडा धाग्याची जाडी सांगतो, मजबुती सांगत नाही. तेवढ्याच जाडीचे नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा घासणीला जास्त टिकते. दुसऱ्या महायुद्धात स्फोटातल्या तुकड्यांपासून वैमानिकांना वाचवणाऱ्या जाकिटांसाठी बॅलिस्टिक नायलॉन वापरले गेले आणि पुढे तेच बॅगांत आले, ते या टिकाऊपणामुळे. त्यात नेहमीचा धागा १०५० डेनियरचा. म्हणजे लेबलावरचा मोठा आकडा नेहमीच सरस नसतो. आकड्याच्या आधी कापडाचे नाव वाचावे.

पावसाचा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. कापडी बॅग भिजते, हे खरे आहे. जुलैत सिंधुदुर्गात एसटीच्या टपावर तासभर पाऊस झेललेली कापडी बॅग उघडली तर तळाचे कपडे ओले निघतात. पण पाणी येते कुठून ते पाहिले पाहिजे. चांगल्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. त्यातून पाणी सहसा झिरपत नाही. ते शिरते शिवणीतल्या सुईच्या भोकांतून आणि चेनच्या दातांमधून. आणि चेन तर कडक बॅगेलाही आहे. तिच्या दोन भागांच्या मधोमध, चारी बाजूंनी. कडक बॅग आडवी बांधली की नेमकी तिची चेन पावसाच्या माऱ्यात सापडते आणि आत आलेले पाणी कवचात तळ्यासारखे साचून राहते, कारण बाहेर जायला त्याला वाट नाही. कवच पाणी थांबवते आणि चेन ते आत घेते. मग पावसाचे कारण सांगून एकीला पास आणि दुसरीला नापास कसे करता येईल?

यावरचा उपाय कापडाइतकाच जुना आणि स्वस्त आहे. आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालायची, कपडे तिच्यात, तोंड पिळून गाठ मारायची. वरून पावसाळी खोळ मिळाली तर चांगलेच. मुक्कामी पोहोचल्यावर बॅग रिकामी करून, अस्तराची चेन उघडून पंख्याखाली उभी करायची. किनाऱ्याच्या दमट हवेत त्या लेपाला वर्षानुवर्षांनी चिकटपणा येतो आणि तो पोपडे धरून सुटू लागतो. आपल्या घरांत बॅगा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकायची पद्धत आहे. धूळ बसू नये म्हणून आपण हे करतो खरे, पण दमट हवा आत कोंडली की लेपाचे नुकसान वाढते. जुन्या सुती साडीत किंवा चादरीत गुंडाळलेली बॅग जास्त टिकते. दुकानात बॅग निवडताना कापडाच्या आतल्या बाजूवर नख घासून बघावे. पांढरी भुकटी निघाली तर ती बॅग घेऊ नये.

चोरीबद्दल फार बोलायची गरज नाही. चाकूने कापड कापता येते, हे खरे. बॉलपेनच्या टोकाने चेन उचकटता येते आणि रनर फिरवून ती पुन्हा बंदही करता येते, हेही खरे. पण ही युक्ती कडक बॅगेच्या चेनवर तितकीच चालते. पासपोर्ट आणि पैसे अंगावर ठेवावेत, बॅगेत नकोत.

जपून हाताळायच्या काचेच्या वस्तू, कॅमेऱ्याची महागडी भिंगे नेणाऱ्याला कडक पेटी लागते, हे मी मान्य करते. पण ती पेटी मॉलमधली सूटकेस नसते. पेलिकनसारख्या कंपन्यांच्या पेट्यांना रबराची कड असते, खटक्यांची झाकणे असतात, त्या पाण्यात पडल्या तरी आत थेंब जात नाही. त्यांची विमानात नेता येणारी चाकांची पेटी रिकामीच चांगली जड भरते. ज्याला भिंगे वाचवायची आहेत तो ते वजन आनंदाने उचलेल. ज्याला चार शर्ट आणि एक स्वेटर न्यायचा आहे त्याला त्या पेटीची उपमा देऊन साधी कडक बॅग विकणे ही दिशाभूल आहे.

वजनाचा हिशेब इथे येतोच. देशांतर्गत विमानात हातातल्या बॅगेला साधारण ७ किलोंची मर्यादा, आणि माप सर्वसाधारणपणे ५५, ३५ आणि २५ सेंटिमीटर, चाके आणि मूठ धरून. रिकामी बॅग अडीच किलोंची असेल तर हातात उरतात साडेचार. त्यातून पॉवर बँक केबिनमध्येच न्यावी लागते, ती चेक-इनला देता येत नाही. लहान गावांना एटीआरसारख्या छोट्या विमानाने जाताना वरचे कप्पे लहान असतात आणि ऐनवेळी शिडीपाशी बॅग मागून घेतली जाते. त्या घाईत पॉवर बँक, औषधे, कागदपत्रे बाहेर काढायची असतात. कापडी बॅगेच्या बाहेरच्या खिशातून ती उभ्या-उभ्या निघतात. कडक बॅग मात्र जमिनीवर आडवी टाकून मधोमध उघडावी लागते, लोकांच्या पायांत. होमस्टेच्या खोलीतही तेच. दोन गाद्यांमधल्या चिंचोळ्या जागेत कापडी बॅगेचे झाकण वर उघडते. दोन भागांत उघडणाऱ्या बॅगेला दुप्पट जमीन लागते, आणि ती तिथे नसते.

आता सॅकवाल्यांकडे येते. हरिश्चंद्रगड, केदारकंठा, कुठलाही ट्रेक असो, तिथे पाठीवर सॅकच हवी. त्यात वाद नाही. पण चालणे हा ज्या प्रवासाचा थोडासा भाग आहे त्यालाही सॅकच हवी, हा हट्ट मला पटत नाही. माझ्या मोठ्या बहिणीला मणक्याचा त्रास आहे. डॉक्टरांनी तिला पाठीवर ओझे घ्यायला मनाई केली आहे. तिला स्पितीला जायचे होते आणि तिच्या भिशीतल्या मैत्रिणींनी तिला सांगितले, “सॅक झेपत नसेल तर तो प्रवास तुझ्यासाठी नाही गं.” ताई दोन चाकांची कापडी बॅग घेऊन गेली. रस्त्यावर ओढली, जिन्यात बाजूच्या मुठीने उचलली, आणि विरळ हवेत पहिले दोन दिवस दम लागत असताना पाठीवर काहीही नव्हते म्हणून ती बिनघोर फिरली. वाटेत दरड आली तेव्हा साताठ किलोंची बॅग हातात घेऊन तिला थोडे चालावे लागले. तेवढ्या अंतराला सॅक बरी पडली असती, हे तिनेच कबूल केले. पण त्या शे-दोनशे पावलांसाठी तिने अख्खा प्रवास सोडून द्यायला हवा होता का? पन्नाशी ओलांडल्यावर, गुडघे बोलायला लागल्यावर, मुले मोठी झाल्यावर पहिल्यांदाच घराबाहेर पडणाऱ्या बायका आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या हिमतीचे मोजमाप पाठीवरच्या ओझ्याने करू नका. बॅगेत घडीची लहान सॅक ठेवली की दिवसभराच्या भटकंतीचीही सोय होते.

ज्यांचा पेशाच प्रवास, त्यांनी काय निवडले तेही बघावे. सूटकेसला चाके लावण्याचे पेटंट बर्नार्ड सॅडो या अमेरिकन माणसाला १९७२ मध्ये मिळाले, पण ती बॅग आडवी, पट्ट्याने ओढायची होती. उभी, दोन चाकांची, लांब दांड्याची बॅग १९८७ च्या सुमारास रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने केली, आणि ती आधी विमानातल्या कर्मचाऱ्यांनी उचलून धरली. ज्यांना रोज वेगळ्या शहरात उतरायचे होते त्यांना दोन चाके पुरली. चार चाकांची बॅग विमानतळाच्या फरशीवर अलगद फिरते, पण तिची चाके बाहेर लोंबतात, लहान असतात, आणि ५५ सेंटिमीटरमधली काही जागा तीच खातात. वेसवीहून बागमांडल्याला जाणाऱ्या फेरीबोटीच्या उतारावर चार चाकांची बॅग हात सोडताच चालू लागते. दोन चाकांची बॅग सोडली की उभी राहते. जांभ्या दगडाच्या पाखाडीवरून उतरताना दोन चाकांची बॅग मागे झुकवून एकेक पायरी उतरवता येते, कारण तिची चाके मोठी आणि अर्धी तळात शिरलेली असतात. चार चाकांच्या बॅगेची चाके त्याच पायऱ्यांवर निखळतात. बॅग कडक असो की कापडी, खराब रस्त्यावर दोनच चाके हवीत. कापडी बॅगांतही आता चार चाकांचीच गर्दी झाली आहे, आणि ही चूक कापडी बॅगा बनवणाऱ्यांची आहे.

त्यांची दुसरी चूक साहसाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बॅगांत दिसते. बाहेर लोंबणारे पट्टे, जागोजागी बकले, जाळीचे खिसे, अडकवायच्या कड्या. फोटोत हे दणकट दिसते. विमानतळाच्या पट्ट्यावर आणि बसच्या डिकीत हेच पट्टे अडकतात आणि तुटतात. बॅग मोठी करणारी जादा चेनही तशीच. ती उघडली की जाडी २५ सेंटिमीटरच्या पुढे जाते, आणि सात किलोंच्या मर्यादेत त्या वाढीव जागेत भरायला काही उरतच नाही. त्या चेनचे, तिच्या पट्टीचे, आतल्या जादा कापडाचे वजन मात्र कायमचे बॅगेत बसते. खऱ्या कामाच्या कापडी केबिन बॅगेला तळाशी, कडेला आणि वर अशा तीन शिवलेल्या मुठी हव्यात, कोपऱ्यांवर रबरी किंवा प्लॅस्टिकचे संरक्षक हवेत, दांडा पूर्ण बाहेर काढून हलवला तर खडखड कमीत कमी व्हावी. बाकी सजावट नको. भरलेली बॅग दुकानातच कडेच्या मुठीने उचलून मुठीच्या मुळाशी कापड ताणते का ते पाहावे. ताणत असेल तर शिवण तिथेच सुटणार.

बॅगा बनवणाऱ्या कंपन्यांकडे म्हणून माझे मागणे साधे आहे. लेबलावर डेनियरच्या शेजारी रिकाम्या बॅगेचे वजन, मुख्य चेनचा नंबर आणि चाकाचा व्यास छापा. चाके आणि दांडा रिव्हेटऐवजी स्क्रूने बसवा आणि तळाच्या अस्तराला चेन द्या. आणि बॅग विकता त्या काउंटरवरच त्या बॅगेच्या चाकांची जोडी, रनर आणि मूठ सुटी विकायला ठेवा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले तेव्हा त्यात शेतीची अवजारे, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, टिकाऊ घरगुती वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे घेतली. बॅगांचे नाव तिथे नाही. ते येईपर्यंत दादरच्या काकांच्या डब्यात ज्या मापाची चाके आहेत त्याच मापाची चाके कंपन्यांनी बॅगेला लावली, तरी पुष्कळ झाले.